सहाची जीप

रविवारी सकाळी सहा वाजता, बदलापूर पश्चिमेला, शाळेच्या फाटकातून जीप निघाली. दोन मुलं, मी आणि ड्रायव्हर. लिहिलंत? झालं तर मग. आता पेन ठेवा. यापुढचं जे काही ऐकून आलायत ना, त्या गावगप्पा आहेत. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय पुरात गेलाय — इकडे बसा. तुम्ही पत्रकार लोक शाळेत कधी येता सांगू? दहावीचा निकाल लागला की पेढे खायला, नाहीतर काही बिनसलं की. मधल्या काळात या प्रयोगशाळेत काय चालतं, हे बघायला कुणी आलं? ही भिंतीवरची रेघ बघा. सव्वीस जुलैला नदी इथपर्यंत होती. संस्थेने अजून रंग दिला नाही. म्हणे, आठवण राहू दे. अहो, पैसे नाहीत म्हणा की सरळ! तर त्या पाण्यात आमची जीवाश्मांची पेटी गेली. पुण्याहून मी स्वतः आणलेली, मांडीवर ठेवून. सगळे प्लास्टरचे ठसे होते. खरा जीवाश्म कोट्यवधी वर्षं टिकतो, आमचे एका रात्रीत विरघळले. पेटी उघडली तर आत पिठलं.

आणि नेमका त्याच वर्षी ठाण्यातल्या कुणा शहाण्याने स्पर्धेचा विषय काढला — जीवाश्म ओळखा. आता मला सांगा, हा आपला मुलूख कसला? काळा कातळ. लाव्हा. मलंगगडावर जा नाहीतर नदीत उतरा, सगळा लाव्हा. त्यात जीवाश्म शोधायचा म्हणजे तापल्या तव्यावर मासा शोधायचा — सापडला तरी तळलेलाच. मी तसं पत्र लिहिलं ठाण्याला. उत्तर? उत्तर कोण देतो! इंग्रजी शाळांना बरं असतं, ते मुंबईहून संच मागवतात, मखमलीच्या डबीत. आमच्या पोरांनी खाणीतून काय आणलं? पांढरे स्फटिक. 'सर, हा दात आहे का? सर, हे हाड आहे का?' अरे बाबांनो, ते स्फटिक आहेत, टाका. एकाने तर कोंबडीचं हाड आणलं, ताजं, रस्सा लागलेला.

हो, येतो मुद्द्यावर. मुद्दाच सांगतोय. तीन जणांचा संघ. सुजित — आपल्या संस्थेचे उपाध्यक्ष नाथाशेठ, पालेगावचे, त्यांचा मुलगा. प्रीती. आणि मनाली. मनाली नरेंद्र रोकडे, नववी ब. वडील मोरिवलीला कंपनीत आहेत, घर जांभूळला. हुशार? हुशार पोरं दर वर्षी येतात हो. ही चिकट होती. मी तिघांना उल्हासनगरला एका लादीवाल्याकडे नेलं, कारण जैसलमेरच्या पिवळ्या दगडात शंख-शिंपले असतात. ते खरे जीवाश्म, आणि फुकट बघायला मिळतात. सिंधी शेठ खुर्चीतून उठेना. म्हणतो, 'मास्तरजी, जिस में सीप दिखती है वो तो डिफेक्ट पीस है, पीछे डाल दिया है, चाहिए तो आधे में ले जाओ.' सुजित बाहेर लस्सी प्यायला गेला. प्रीतीने चित्रं काढली. आणि ही पोरगी गोदामात मागे टाकलेल्या त्या डिफेक्ट लाद्यांवर पालथी पडली, गणवेश पिवळा केला आणि डोळे मिटून बोटं फिरवत राहिली. मी म्हटलं, 'अगं, डोळे उघड, भिंग दिलंय ना?' तर म्हणते, 'सर, पिशवीफेरीत कुठे डोळे असतात?'

पिशवीफेरी — ते राहिलंच सांगायचं. त्या स्पर्धेत शेवटची फेरी अशी की कापडी पिशवीत नमुना ठेवतात, आत हात घालायचा आणि नुसत्या स्पर्शाने सांगायचं. संघातल्या एकानेच जायचं, नाव आधी द्यावं लागतं, आणि निम्मे गुण त्यालाच. मी नाव मनालीचं दिलं. मीच दिलं! हे लिहा. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हिंदळेकर सर अमुक आहेत आणि तमुक आहेत. मी कधी मुलाची जात विचारलेली नाही. हजेरीवर दिसते, ती वेगळी गोष्ट.

तर पिशवीत काय येणार? अ‍ॅमोनाइट. गोल, वेटोळ्याचा, समुद्रातला जीव. तो आल्याशिवाय असली स्पर्धाच होत नाही. आमच्याकडचा तो पिठल्यात गेलेला. मग माझ्या डोक्यात आलं — शाळिग्राम! शाळिग्राम म्हणजे दुसरं काय? गंडकी नदीत सापडणारा अ‍ॅमोनाइट. आणि नाथाशेठच्या आई बनूबाई मुक्तिनाथाला जाऊन आल्या होत्या, जमीन बिल्डरला दिली त्या वर्षी. त्यांनी आणलेला शाळिग्राम घरी देव्हाऱ्यात. फुटलेला, आतली नक्षी दिसणारा, एक नंबर नमुना. मी गेलो त्यांच्याकडे. दोनदा गेलो. चहा घेतला, हात जोडले. म्हातारी म्हणाली, 'देव शालंत न्यायचा तं सोवल्यानं न्या. पोरांनी आंघोळ करून हात लावायचा.' मी म्हटलं, हो. मग म्हणाली, 'आनि कोन कोन हात लावनार हाय?' मी नावं सांगितली. आडनावं नव्हती सांगितली. तिने विचारली.

हे लिहू नका. अहो, पेन ठेवा म्हटलं ना! म्हातारी माणसं असतात, त्यांच्या डोक्यात काय असतं ते काय मी घातलंय? मला नमुना हवा होता. मी मार्ग काढला. सुजित आणि प्रीतीने दगड हाताळायचा, मनालीने हात न लावता नुसता भिंगाने बघायचा. आणि तिच्या हातासाठी मी मातीचा करून दिला. स्वतः बसून केला, कंगव्याने रेघा मारल्या. तिला काही बोललो नाही कारण काय ते. म्हटलं, दगड नाजूक आहे. शाळिग्राम नाजूक! ती माझ्याकडे बघत राहिली. आणि गंमत बघा, सुजित, ज्याच्या घरचा तो देव, तो दगडाला हात लावेना. घरी त्यालाही लावू देत नाहीत ना, आजीच आंघोळ घालते. सवयच नाही. मी म्हणायचो, 'अरे उचल, दाब, वजन बघ,' तर एका बोटाने शिवायचा आणि ते बोट कपाळाला लावायचा.

मग त्या गुरुवारी मी मुख्याध्यापकांकडे गेलो जीपचं विचारायला. परत येतो तर मनालीने दगड उचललेला. दोन्ही हातांत, डोळे मिटलेले. आणि बोलत होती — कुणाशी नाही, स्वतःशीच — 'हा वर चढत नाही. गोगलगायीचा शंख फिरत फिरत वर चढतो, त्याला टोक येतं. हा जागच्या जागीच फिरतो, सपाट. आणि वरंबे आहेत बाहेरून. सर, तुमचा मातीचा खोटा आहे, तुम्ही टोक काढलंत त्याला.' बरोबर होतं हो! मी टोक काढलं होतं. वीस वर्षं शिकवतोय आणि मीच टोक काढलं. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर सुजित. दारात उभा.

मी ओरडलो तिच्यावर. ओरडावंच लागतं, पोरगा बघत होता. 'ठेव तो, कुणी सांगितलं तुला?' तिने ठेवला. नीट ठेवला, खालच्या कापडाच्या घडीवर.

शुक्रवारी नाथाशेठ आले. चांगला माणूस, तुम्ही त्यांच्याबद्दल काही छापू नका. इथेच बसले, तुम्ही बसलाय तिथे. म्हणाले, 'सर, मला काय नाय ओ. मी असलं मानत नाय. पन आईनं काल्पासून पान्याला तोंड नाय लावलं. तुमीच बगा कसं काय करायचं. जीप आपलीच हाय, कोनाला बसवायचं, कोनाला नाय, तुमीच बगा.' मी काय म्हणालो? 'बघतो' म्हणालो. बघतो म्हणजे काय, बघतो. माणूस म्हणतो तसं. त्यातून तुम्ही काय काढताय?

दगड? इथेच आहे. त्या कपाटात. म्हातारी शनिवारी आली होती, बघून गेली, पण घरी न्यायला तयार नाही. म्हणते, बाटला. देव्हाऱ्यात चालत नाही, नदीत सोडायला मन होत नाही. म्हणून पडलाय. बघायचा? घ्या. घ्या हो, आता कुणीही हात लावा. आता तो नुसता नमुना आहे. आज येऊन कुणी अभ्यास करायचा म्हटलं तर आमच्याकडे अ‍ॅमोनाइट आहे — स्पर्धा झाल्यावर!

ठाण्याला काय झालं ते काय सांगू. पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या, प्रीतीने सांभाळलं. पिशवीफेरीला माईकवर पुकारलं — मनाली नरेंद्र रोकडे. परत पुकारलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं, तब्येत बरी नाही. बदली सुजित. सुजितने पिशवीत हात घातला. बराच वेळ हात आत. मी लांबूनसुद्धा सांगू शकत होतो आत काय आहे, त्या गोलाईवरून. परीक्षक बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, 'घाई नको. टोक लागतंय का बघ.' पोराने हात बाहेर काढला, कपाळाला लावला — सवयीने हो, सवयीने! — आणि म्हणाला, 'गोगलगाय.' सभागृह हसलं. बाईंनी पिशवी उलटी केली. त्याच्या घरी रोज ज्याला आंघोळ घालतात, तो.

तब्येतीचं? मी म्हणालो तब्येत, कारण काहीतरी म्हणावं लागतं. थांबलो होतो आम्ही तिच्यासाठी. थोडं थांबलो. ड्रायव्हर घाई करत होता, गाडी नाथाशेठची. जांभूळच्या फाट्याशी प्रीती म्हणालीसुद्धा, 'सर, मनालीचं घर इथूनच आत आहे, हॉर्न मारू या ना.' मी म्हटलं, उशीर होतोय. होतच होता. नव्हता तसा फार, पण होतो.

सोमवारी तिचे वडील आले. मला वाटलं, आरडाओरडा करतील. मी तयारीत होतो. हळूच बोलले. 'सर, आमच्या घरी देव्हारा नाही. तिने देव नाही उचलला, स्पर्धेचा नमुना उचलला. तुम्हीच आणला होता ना?' मी म्हटलं, हो, रोकडेसाहेब, तुमचं बरोबर आहे, पण लोकांच्या भावना. ते म्हणाले, 'भावना राहू द्या. मला एकच सांगा.' आणि मग —

तेच विचारताय तुम्हीही, की तिला वेळेचा निरोप कुणी दिला. किसनने सांगितलं ना? आमचा वॉचमन, त्याला गप्प बसायला कुणी शिकवलं नाही. हो, आली होती. फाटकाशी उभी होती, इस्त्रीचा गणवेश, डबा, माझं भिंग रुमालात बांधून. जीप गेल्यावर. ऊन वर येईपर्यंत उभी होती म्हणतो. मी वर्गात सगळ्यांना सहाची वेळ सांगितली होती. शनिवारी, मोठ्याने. मनाली नव्हती वर्गात — तिला मीच वाचनालयात बसवलं होतं, म्हातारी येणार होती, उगाच समोरासमोर नको. मग तिला निरोप गेला. गेला म्हणजे गेला. प्रीती म्हणते, मी नाही दिला. सुजित म्हणतो, मी नाही. नाथाशेठ म्हणतात, मी त्या पोरीशी बोललोच नाय कधी. मुख्याध्यापक म्हणतात, हिंदळेकरांना विचारा. विचारा, सगळे मलाच विचारा! पोरगी नाव सांगत नाही. वडिलांनी विचारलं तरी सांगत नाही. आणि मी — ऐकू आली ना घंटा? मला तास आहे. तो दगड ठेवा आधी. घडीवर ठेवा. कपाट राहू दे, लावतो मी. छापायचं ते छापा, पण ती उशिरा आली असं छापू नका, ते खोटं आहे. तिला सातची वेळ सांगितली होती. पोरगी पावणेसातला आली होती.

निघा आता.