सुईपासून समुद्रापर्यंत

नाही, मला एक सांगा, वाचनालयात बसून वाचणं हा गुन्हा आहे का? एकोणीस वर्षं मी त्या चौकशीच्या टेबलावर बसते, म्हणजे बसायचे, आणि माणूस दारातून आत आला की चेहऱ्यावरून सांगायचे, याला परीक्षेचं हवंय, हिला बाळंतपणाचं हवंय, आणि हे आजोबा नुसते पंख्याखाली बसायला आलेत... पण नवीन सर आले आणि म्हणाले, टेबलावर दोघी कशाला, एक पुरे, दुसरी दाराशी लोकांच्या पिशव्या सांभाळेल. माझ्या शेजारी कोण, तर आमची भिंगरी. येऊन आठ महिने झाले, वाईट नाही हो पोरगी, पण पुस्तक उघडताना मी तिला पाहिलेलं नाही.

बरं, निवड कशी करायची? मला वाटलं, कामाचं काही विचारतील. तर सरांनी खेळ काढला. इंटरनेटवर तो ज्ञानकोश असतो ना, त्यात निळे शब्द असतात, निळ्या शब्दावर दाबलं की त्याचं पान उघडतं, तिथे पुन्हा निळे शब्द... तर म्हणे ‘सुई’पासून निघायचं आणि नुसतं निळं दाबत दाबत ‘समुद्र’ गाठायचा, जी आधी पोचेल तिचं टेबल. माझ्या एकोणीस वर्षांचा निकाल सुईवर!

बसलो दोघी दोन कॉम्प्युटरांपुढे, सर मागे उभे. मी सुई उघडली. तुम्हाला सांगते, फार पूर्वी सुया हाडांच्या असायच्या, माहीत होतं तुम्हाला? मला नव्हतं, आणि जन्मभर उसवलेलं शिवतेय... तेवढ्यात मागून, “बाई, वाचायचं नसतं, पुढे जायचं असतं.” गेले पुढे. हाड दाबलं. तिथे लिहिलेलं, उतारवयात बायकांची हाडं ठिसूळ होतात, म्हटलं एवढं बघून घ्यावं, गुडघा माझाच आहे ना... “बाई, वाचायचं नसतं.” बरं. शोधत शोधत देवमासा गाठला. आता देवमासा राहतो कुठे? तो निळा ‘समुद्र’ समोर दिसतोय मला, बोट माउसवर... आणि वरच्याच ओळीत, की काही देवमासे झोपतात तेव्हा त्यांचा अर्धा मेंदू जागाच असतो. अशी ओळ सोडून कोण जाईल, सांगा? माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई आल्या. दुपारी घोरत असायच्या आणि डब्याचं झाकण वाजलं की तिथूनच विचारायच्या, काय शोधतेस गं? मला हसू आलं. आणि शेजारून भिंगरी म्हणाली, “पोचले, सर.”

मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, “सर, वाटेत काय काय लागलं ते विचारा की तिला.” पोरगी गोरीमोरी झाली, एक पान आठवेना. मला वाटलं, आता तरी... तर सर म्हणाले, “बाई, ते लागतं कुणाला?”

लागतं कुणाला... एकोणीस वर्षं कुणाला लागलं म्हणून मी सांगत होते? घरी येऊन सगळं यांच्या कानावर घातलं, अगदी हाडांपासून. यांची नजर मोबाइलवर, अंगठा सरकतोय, म्हणाले, हं, पुढे? म्हणजे इथेही वाचायचं नसतं, पुढेच जायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी बसले, सर आले, त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, मी टोकन दिलं, ते त्यांनी नंबर न बघता खिशात टाकलं आणि आत गेले.