काळा पडलेला चांदीचा पेला

युनोमोरी उष्णकुंड संघाचे अध्यक्ष मिझोबेसान, दिव्यांच्या कंपनीतून आलेले पाहुणे ओउचीसाहेब, आज निरोप घेणारे हिरासेसान, आणि निव्वळ जेवणासाठी जमलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी शाळा फारशी पाहिलेली नाही. बोलणं गोड लागणार नाही, चहात साखर घालून घ्या.

आधी हा पेला. अध्यक्षांनी सत्काराला चांदीचा पेला आणला आणि कौतुकानं कालपासून इथं उघडा मांडून ठेवला. बघा, तव्याच्या बुडासारखा झालाय! मिझोबेसान, जन्म गेला ना तुमचा या गंधकाच्या वाफेत? आपल्याकडे नवरीलासुद्धा कोणी चांदी घालतं का?

हिरासेसान पहिल्यांदा माझ्या सराईत उतरले, तेव्हा चांदीची अंगठी घालूनच कुंडात शिरले. काळी अंगठी घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, "बायकोला काय सांगाल?"

म्हणाले, "तोमेआजी, याच्यासाठीच तर आलोय. एलईडी दिव्याच्या पोटात चांदीचा तळ असतो, त्याच्यावरून उजेड उसळतो. वर पारदर्शक लेप. एक लेप उष्णता सोसतो, पण गंधक आत सोडतो. दुसरा गंधक अडवतो, पण तापून पिवळा पडतो. मला दोन्ही गुणांचा एकच लेप हवाय."

मी म्हटलं, "अशी सून सगळ्यांनाच हवी असते."

तेव्हा हसले होते. मग दर हिवाळ्याला नवा लेप, नवा दिवा, आणि वसंतात तीच काजळी. जुने बल्ब टिकायचे हो, पण चुलीसारखे तापायचे आणि वीज ढोसायचे. हिरासेसानचे केस पिकले, लेप काही जमला नाही. आता कंपनीनं काम बंद करून त्यांना विक्रीला बसवलंय. ओउचीसाहेब म्हणतात, हिरासेसाननी माझ्या जिन्यावर लावलेला शेवटचा दिवा टिकला असेल, तर फेरविचार करू.

आज दारातच हिरासेसाननी विचारलं, "आजी, तो कसा आहे?"

मी म्हटलं, "आधी बूट काढा."

मिझोबेसान कानाशी लागले, "आज नको, आजी. सुखानं जेवू दे माणसाला." का नको? उद्या काय काजळी उजळणार आहे?

हिरासेसान, तो दिवा कडेनं काळा पडलाय. काळेपणा आत सरकतोय.

तुम्ही इतकी वर्षं खपलात, त्याबद्दल गावातर्फे आभार. पेला घासू नका, तसाच न्या. म्हातारीचं काही टोचलं असेल तर पोटात घाला. आणि मुक्कामाला माझ्याकडे येणाऱ्यांनी जिन्यावर कठडा धरून चढा. उजेड पायरीपर्यंत पोचत नाही.