मागच्या दाराचे उत्तर

वाचकहो, पुढे दिलेले संभाषण एका शिवणकारखान्यात एका सकाळी घडले. बोलणारी माणसे तीन. पहिले, कारखान्याचे मुकादम, ज्यांच्या आवाजापुढे मशीनसुद्धा दबून चालत. दुसऱ्या, शर्टांना बटणे लावणाऱ्या मावशी, ज्या मुकादमांना मुळीच दबत नसत. तिसऱ्या, ज्या मोठ्या कंपनीसाठी तेथे शर्ट शिवले जात, त्या कंपनीने पाहणीस धाडलेल्या तपासनीस बाई. दूरच्या दिमाखदार दुकानात टांगलेल्या शर्टाचे ओझे नेमके कोणाच्या खांद्यावर असते, या गंभीर प्रश्नाचा येथे यथामती विचार केला आहे. हसू आल्यास अवश्य हसावे. विषय त्यामुळे हलका होणार नाही.

मावशी : मला दुसरं उत्तर द्या, मुकादम. हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

मुकादम : उत्तर गिळायचं नसतं मावशी, बाहेर काढायचं असतं. म्हणा बघू, "मागचं दार सदैव उघडं असतं."

मावशी : ते दार माझ्या पाठीशी आहे. गठ्ठ्यांआडूनही त्याचं कुलूप टोचतं मला. काजवालीला पिण्याच्या पाण्याचं उत्तर दिलंत ना, ते मला द्या. पाणी तरी खरं आहे.

मुकादम : आता अदलाबदल नाही! शर्ट कसा तयार होतो? एकीनं कॉलर, एकीनं बाही, एकीनं काज. तशीच तपासनीस बाईंच्या प्रश्नांची उत्तरं मी वाटून दिली. एकीनं एकच पाठ करायचं. चुकायला जागाच नाही. डोकं लावलंय त्यात.

मावशी : आणि कॉलरवालीला बाही विचारली तर?

मुकादम : अभद्र बोलू नका.

मावशी : अभद्र? गेल्या महिन्यात इस्त्रीच्या टेबलावर धूर झाला, तेव्हा सगळा कारखाना पुढच्या एका दारात अडकला. माझी सून त्या रेटारेटीत खाली पडली. पोटुशी पोर ती. "दार उघडं असतं" हे तिच्यादेखत म्हणू?

मुकादम : मी काय दगड आहे, मावशी? पण किल्ली मालकांच्या खिशात. त्यांना वाटतं, मागच्या दारानं शर्ट पळतील.

मावशी : शर्टांना पाय फुटतील म्हणून माणसं कोंडायची!

मुकादम : हळू बोला. खरं सांगितलंत तर कंपनी काम काढून दुसरीकडे देईल. मग दार उघडं आणि कारखाना बंद. सुनेला काय ते दार शिजवून घालणार आहात?

मावशी : तेच तर. इकडे आड, तिकडे विहीर.

मुकादम : आल्या, आल्या आपल्या रांगेकडे! हसा सगळ्याजणी. एवढं नको. दमलेली माणसं हसतात तेवढंच.

तपासनीस बाई : नमस्कार. कुणी उठू नका. मी सगळीकडे फिरून आले, आता ही शेवटची रांग. मावशी, तुम्हाला पिण्याचं पाणी कुठे मिळतं?

मावशी : ते काजवालीकडे आहे.

तपासनीस बाई : पाणी?

मावशी : उत्तर.

मुकादम : म्हणजे बाईसाहेब, पाण्याचं पिंप काजवालीच्या बाजूला आहे, असं त्यांना म्हणायचंय.

तपासनीस बाई : अच्छा. मघाशी कॉलरवालीला विचारलं, घरी किती वाजता जाता? ती म्हणाली, "होय, स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे."

मुकादम : लाजाळू आहे हो ती.

मावशी : माझी सून आहे. लाजाळू नाही. तिच्याकडे तेवढंच होतं.

तपासनीस बाई : असं आहे होय! मग मावशी, तुमच्याकडे कशाचं आहे?

मावशी : दाराचं.

तपासनीस बाई : सांगा तर मग.

मुकादम : बोला की मावशी. पाठ आहे ना?

मावशी : चोख पाठ आहे. पण तोंडच उघडत नाही.

तपासनीस बाई : राहू द्या. मुकादम, तुम्ही सांगा. तुमच्या वाट्याला कोणतं उत्तर आलंय?

मुकादम : माझ्या? माझ्या वाट्याला... बाईसाहेब, सगळ्यांना वाटता वाटता मला एकही उरलं नाही.

तपासनीस बाई : छान झालं. म्हणजे तुम्ही जे बोलाल ते तुमचं स्वतःचं.

मुकादम : दार बंद असतं. या गठ्ठ्यांमागे कुलूप आहे. धूर झाला त्या दिवशी मी स्वतः ते दार बडवत होतो. आतून.

मावशी : अगंबाई! मुकादम!

मुकादम : बोललो ते बोललो. पण बाईसाहेब, काम काढून नेऊ नका. कंपनी ऐन वेळी शर्टाचा रंग बदलते, तारीख मात्र बदलत नाही. मग मालक माझ्यावर ओरडतात, मी या बायांवर ओरडतो. दुकानातल्या शर्टाला मात्र एक सुरकुती नाही.

तपासनीस बाई : रंग मी बदलत नाही, मुकादम. कुलूपही मी लावलेलं नाही.

मावशी : शर्टाच्या कॉलरमागे नाव कुणाचं असतं, बाई? मालकांचं नसतं. माझं तर नाहीच नाही.

तपासनीस बाई : ...आमचंच असतं. थांबा जरा.

(तपासनीस बाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसून कंपनीतील साहेबांना फोन लावतात. पलीकडचे बोलणे ऐकू येत नाही.)

तपासनीस बाई : साहेब, मागच्या दाराला कुलूप आहे... नाही, काम काढून घ्यायचं नाही. हात झटकले की आपले हात स्वच्छ दिसतात, एवढंच. इथल्या बायका घरी बसतील आणि आपण दुसऱ्या कुलपाकडे जाऊ... तारीख पुढे ढकला... दुकानात हँगर रिकामे दिसतील? दिसू द्या. शर्ट उशिरा आला म्हणून गिऱ्हाईक उघडं फिरत नाही, साहेब... नाही, मी निघत नाहीये. इथेच बसलेय, दाराला टेकून... हो, आतल्या बाजूला... दिलीत तारीख? आभारी आहे... पुढच्या खेपेचं काम? ते मी तिकडे येऊन भांडेन.

मावशी : ऐकलं का हो त्यांनी?

तपासनीस बाई : अर्धं ऐकलं. या खेपेचं काम इथेच राहतं आणि घाई नाही. पुढच्या खेपेचं वचन मी देऊ शकत नाही. खोटं कशाला बोलू? पण दार आत्ता उघडायला हवं. किल्ली?

मुकादम : मालकांच्या खिशात. आणि मालक परगावी.

मावशी : आणि टिचबटणं ठोकायची हातोडी तुमच्या हाताशी.

मुकादम : मावशी, माझी नोकरी जाईल की हो.

तपासनीस बाई : मी तोडायला लावलं, असं सांगा मालकांना.

मुकादम : नको, बाईसाहेब. दुसऱ्यांच्या तोंडी उत्तरं घालायची हौस फिटली माझी. हे माझं मी देईन. सरका सगळ्याजणी. मावशी, तो गठ्ठा ओढा.

मावशी : अहो, टिचबटण नाही ते! जीव खाऊन मारा!

मुकादम : हं... हं... निघालं! ढकला आता. आणखी जरा.

तपासनीस बाई : बाहेर काय आहे?

मुकादम : काही नाही. गल्ली आहे. कुणाची तरी सायकल टेकवलीय, ती हटवावी लागेल.

तपासनीस बाई : मालक नवं कुलूप आणतील.

मुकादम : आणू द्या. मी कोयंडाच ठोकून सपाट करतो. लावा म्हणावं मग कशाला लावायचं ते.

मावशी : ए पोरी! ठेव ती कॉलर. मशीन मुकादम उचलून आणतील, तू नुसती ये. बैस माझ्या शेजारी. इकडे वारा येतो.

ज्या वाचकांनी आपला मोलाचा वेळ खर्चून हे संभाषण शेवटपर्यंत वाचले, त्यांचे मनःपूर्वक आभार मानून मी लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
इस्त्रीवाला आप्पा