ही एवढी बाजू उपाशी ठेवा

—नाही नाही, माळीदादा, ते खताचे दाणे नका हो पसरू! वरवर टाकलेलं खत सगळं गवतच खाऊन टाकतं, तुम्हीच म्हणालात ना आत्ता? नाही म्हणालात? मग म्हणणार असाल. आणि झाडाला झालंय तरी काय? पानं पिवळी, विरळ — असू देत की! माझे केस कुठे दाट राहिलेत? मला घालतंय का कुणी खत? बसा, चहा घ्या. झाड काय पळून चाललंय?

मुळांभोवती भोकं पाडून आत खत भरायचं म्हणताय — पण खालून पाण्याचा नळ गेलाय. कुठून? इथून. नाही, तिथून — सगळीकडून गेलाय म्हणा ना! आणि पंपानं मुळांत पातळ खत सोडायचं, तर त्याचा आवाज? आमचे हे दुपारी झोपतात. उठले की सारखे प्रश्न विचारतात. सारखे प्रश्न विचारणारं माणूस घरात असलं ना, की जीव नकोसा होतो — तुम्हाला मुलं किती? बायको काय करते?

हां, तर झाड. असं करा, रस्त्याकडून घाला हवं तेवढं, पण माझ्या खिडकीकडची ही एवढी बाजू उपाशी ठेवा. झाडाला बाजू नसते? माणसाला असते, झाडाला का नसेल? उजेड येतो हो मला तिथून! इथे उभे राहा, जरा वाका — त्या दोन फांद्यांच्या मधून — दिसलं? समोरच्या मास्तरीणबाईंचं स्वयंपाकघर. आता दिसतं त्याला मी काय करू, डोळे मिटून भांडी घासू? सकाळी त्या रक्तदाबाची गोळी हातात घेतात, तेवढ्यात फोन वाजतो, की गोळी राहिली तशीच ओट्यावर! मग मी इथून पातेल्यावर झाकण आपटते. त्या दचकतात, माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतात — नि गोळी घेतात. बोलत नाहीत माझ्याशी. नवे दात बसवले तेव्हा मी एवढंच विचारलं, रात्री काढून कुठे ठेवता? चारचौघांत विचारलं, पण काळजीनंच ना! तेव्हापासून अबोला. आता ही एवढी फट राहिलीय आमच्यात. ती बुजली, तर त्यांनी गोळी घेतली का हे मला कोण सांगणार — तुम्ही?

काय? तुम्हाला कुणी बोलावलं म्हणालात? मास्तरीणबाईंनी? ‘लवकरात लवकर दाट होईल असं करा’ — आणि पुढे? ‘समोरची बाई सारखी बघत असते’? मी? मी बघते? अहो, मला वेळ तरी आहे का! काल त्यांनी निळा पडदा धुतला, परवा भाचा आला नि न जेवताच गेला, त्या किती वेळ दारात उभ्या होत्या — मी बघितलं का यातलं काही?

बरं. थेट खोडातच सुई टोचून खत देतात ना, ते सगळ्यात लवकर पोचतं? मग टोचा. होऊ द्या दाट. त्यांच्या मनासारखं होऊ द्या.

ती शिडी तुमचीच का हो? आमच्या गच्चीपर्यंत पोचेल? मग राहू द्या इथेच. उद्या सकाळी गोळीच्या आधी मी — काही नाही. चहा संपला ना? निघा आता.