टाकीतली गोगलगाय

खोटं बोलायची मला हौस न्हाई, पण हे ऐका. राहुरीच्या घरात आता मी एकटाच हाय. पोरगा नोकरीला पुण्याला गेला, पण पाण्यातली झाडं लावलेली त्याची काचेची टाकी इथंच ऱ्हायली. दर रविवारी व्हिडिओ कॉल करून म्हणायचा, "आबा, गोगलगाय दाखवा." मी मोबाईल काचेला लावायचो. माझ्याकडं वळवेस्तोवर त्यानं फोन ठेवलेलाही असायचा.

गेल्या शनिवारी ती गोगलगाय मेली. मी जास्वंदीखाली पुरली. रविवारी तो म्हणाला, "आबा, कुठं दिसंना?"

"झाडामागं असंल, लेका."

"शोधून ठेवा. उद्या परत फोन करतो."

सोमवारी खरंच फोन आला. "सापडली का?"

"न्हाई रं अजून," मी म्हणालो. "उद्या कर की परत."