खोडावरची गाठ

सुनेला द्यायला चिकूचं कलम घेऊन सुनंदाबाई बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या नर्सरीत रांगेत उभ्या होत्या. पुढच्या तरुणीच्या कुंडीत वाळून काडी झालेला चिकू होता. नर्सरीवाल्या गुंडूरावांनी कुंडीचा तळ पाहिला.

"अक्का, भोक कुठाय?"

"बुजवलं. मार्बलवर डाग पडत होते."

"सरी, ठीक आहे. आणि पाणी?"

"रोज दोन बाटल्या. फिल्टरचं."

"म्हणजे बुडून मेलं. पण शुद्ध पाण्यात, तेवढंच पुण्य."

"टोमणे नंतर मारा, अण्णा. अगदी असंच दुसरं द्या. उद्या सासूबाई येतायत. त्यांनी बी पेरून तीन वर्षं वाढवलं होतं. देताना म्हणाल्या, तुझ्याच्यानं नाही जगायचं."

"बी पेरून? मग खोडावर ही गाठ कसली? हे कलम आहे. कुठल्यातरी नर्सरीतून आणलेलं."

"नक्की?"

"चाळीस वर्षं कलमंच बांधतोय, अक्का."

तरुणीनं वाकून गाठ निरखली.

"मग दुसरं नको. हेच जरा पुसून द्या. गाठ नीट दिसली पाहिजे."

मागे सुनंदाबाईंनी हातातलं कलम गुपचूप जागेवर ठेवलं आणि तुळशीचं रोप उचललं. त्याला गाठ नव्हती.