निळं फडकं

सार्जंट : चिपा टेबलावर नको, ताई. कागदाला या चीजच्या पावांचा वास लागला की उंदीर येतात. इकडे द्या, माझ्या हातात.

निमिया : तुमच्यासाठीच आणलेत, गरम आहेत अजून. पण आधी फाईल.

सार्जंट : सापडली. कान्येते, एर्मेलिंदो. चाकोची लढाई, पायदळ. तुमच्या आजोबांपायी तीन दिवस या लष्करी दफ्तरखान्यात धूळ खाल्ली मी.

निमिया : अगं बाई! आईला फोन लावते.

सार्जंट : थांबा, वाचू तरी. आई कुठे असते?

निमिया : पिरायूला, खाटेवर. जानेवारीत नव्वद झाली. एकच हट्ट, माझ्या बापाला पुरलं कुठे ते सांग, मग मी जायला मोकळी. तो लढाईत गेला आणि लग्न राहिलंच. गावानं जन्मभर बिनबापाची म्हणून हिणवलं तिला.

सार्जंट : हं. मृत्यू, डिसेंबर एकोणीसशे तेहेतीस. पुरल्याची जागा पुढच्या पानावर आहे, पण ते पान रक्ताच्या नातेवाइकालाच देतो.

निमिया : तेहेतीस कसं? पस्तीस असेल. लढाई संपता संपता गेला म्हणायची आजी. त्याच्या आदल्या साली रजेवर येऊन गेला होता.

सार्जंट : रजा... एकही नाही. बत्तीसच्या ऑगस्टात भरती, उत्तरेकडच्या येर्बा चहाच्या मळ्यातून. तिथून थेट आघाडीवर. पिरायूला पाय लागल्याची नोंद नाही.

निमिया : घरी वर्दीतला फोटो आहे की त्याचा!

सार्जंट : फोटो टपालानंही येतो, ताई. हे बघा. आई-बाप, माहीत नाहीत. काही झाल्यास कळवावे, सेर्विआना ओवेलार, पिरायू.

निमिया : आजी! बघा, म्हटलं नव्हतं मी?

सार्जंट : नातं, लढाईतली मानलेली माय.

निमिया : माय? आजी तेव्हा सोळाची होती.

सार्जंट : तशीच रीत होती. शाळेतल्या पोरींना एकेक शिपाई नेमून द्यायचे. ज्याला घरचं कोणी नाही, त्याला पत्रं लिहायची, मोजे विणून पाठवायचे. सोळाची माय, तेवीसचा लेक.

निमिया : मग पत्रांतूनच जमलं असेल. भेटले असतील कुठेतरी.

सार्जंट : तिचं एक पत्र आहे यात. परत पाठवायचं राहून गेलेलं. वाचता?

निमिया : चष्मा बसमध्ये राहिला. वाचा तुम्ही.

सार्जंट : ‘आपण एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, मग तू मला ओळखणार कसा? गाडी पिरायूला थांबली की खिडकीतून बघ. मी खांद्यावर निळं फडकं टाकून उभी राहीन.’

निमिया : निळं?

सार्जंट : निळंच लिहिलंय. का?

निमिया : काही नाही. पुढे?

सार्जंट : पुढे शिक्का. शिपाई मयत. पत्र जानेवारी चौतीसचं. आणि ही पावती, तिला कळवल्याची. फेब्रुवारी चौतीस. सही तिचीच.

निमिया : (बोटांवर महिने मोजत) आई पस्तीसच्या जानेवारीतली. मोजा तुम्हीच.

सार्जंट : मी पायदळातला, ताई. मला डावा-उजवा एवढंच येतं.

निमिया : मग बाप कोण तिचा?

सार्जंट : ते या इमारतीत नाही सापडायचं.

निमिया : पोर मेलेल्याच्या गळ्यात बांधलं! तो काय नाही म्हणायला येणार होता? काय डोकं गं आजी तुझं.

सार्जंट : तेरेरे घ्या, येर्बाचा गार चहा. बर्फ आहे अजून. घ्या, नळीनं ओढा... अर्जावर नातं काय लिहू?

निमिया : ही फाईल याआधी कोणी मागितली होती?

सार्जंट : दोरीची गाठ बघा. नव्वद वर्षांत आज पहिल्यांदा सुटली, तीही चाकूनं कापून.

निमिया : आम्ही दर तीन मेला, क्रुसाच्या सणाला, याच्या नावाचा क्रूस सजवतो. चिपा टांगतो, सगळ्या आळीला वाटतो. एकही वर्ष चुकलं नाही.

सार्जंट : मग ‘नात’ लिहितो.

निमिया : खोटं होईल ना.

सार्जंट : सही तुमची. मी चिपा खातोय, मला काही दिसत नाही. (सही झाल्यावर पुढचं पान वाचून दाखवून) हं, फोन वाजतोय तुमचा.

आई (फोनवर) : सापडला का गं?

निमिया : सापडला, आई. जागाही कळली. छावणीच्या दवाखान्यामागे, तिसऱ्या ओळीत.

आई : माझ्या आईचं नाव आहे का कागदावर?

निमिया : आहे. काही झालं तर हिलाच कळवा, असं लिहून दिलंय त्यानं.

आई : बघ! आणि ती मेली शेजारची मार्सियाना काय काय बोलायची... बरं, अजून एक. सगळ्यांच्या क्रुसाला पांढरं फडकं, आपल्याच का निळं? विचारलं की आई चिमटा काढायची मला. त्याचं काही लिहिलंय?

निमिया : लिहिलंय.

आई : काय?

निमिया : त्यानं तिला ओळखावं म्हणून.